खिडकी मोठी करायची की छताला काच?

जुन्या घराची मधली खोली भर दुपारीही दिवा मागते. मग दोन वाटा उरतात: आहे ती खिडकी मोठी करायची, नाहीतर छतात स्कायलाइट बसवायचा.

खिडकीची रुंदी सगळेच वाढवतात. वाढवावी खरं तर उंची. उजेड साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोचतो. कड 7 फुटांवर असेल तर 14 ते 17 फूट. भिंत भार पेलणारी असेल तर आधी इंजिनिअर, मग हातोडा. नव्या लिंटेलची, म्हणजे खिडकीवरचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईची, सोय झाल्याशिवाय एक वीटही हलवू नये.

स्कायलाइट थेट आकाशाकडे बघतो, म्हणून ढगाळ दिवशी तेवढ्याच खिडकीपेक्षा जास्त उजेड देतो. भिंतीही मोकळ्या राहतात. मोजक्या सामानाच्या खोलीला ते शोभतं. पण दुपारचं ऊन सरळ पलंगावर उतरतं आणि काचेच्या कडा नीट बंद केल्या नाहीत तर गळती ठरलेली. वर दुसरा मजला असेल तर विषयच संपला.

मी खिडकीच घेईन. वारा येतो, बाहेरचं झाड दिसतं. तिच्या शेजारचं उंच कपाट मात्र आधी हलवा, निम्मा उजेड तेच गिळत असतं.