बर्गमनची पेटी घ्यायची तर कुठली?

गेल्या दिवाळीत मित्राचा फोन आला. ‘बोनस झालाय. इंगमार बर्गमन सगळा एकदम घेऊन टाकतो. अमेरिकेतली पेटी घेऊ की इंग्लंडमधली?’ बर्गमन म्हणजे स्वीडनचा चित्रपट-दिग्दर्शक आणि पेटी म्हणजे त्याच्या चित्रपटांच्या ब्लू-रे डिस्कांचा संच. मी विचारलं, आधी तुझा प्लेअर कुठला ते सांग. त्याला वाटलं, मी विषय टाळतोय.

पण सुरुवात तिथूनच करावी लागते. ब्लू-रे डिस्क ज्या रीजनची म्हणजे विभागाची, सहसा त्याच विभागाच्या प्लेअरवर चालते. या हिशेबात अमेरिका ‘ए’ रीजन, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या तिकडच्या डिस्का ‘ए’च्या, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या म्हणजे बीएफआयच्या ‘बी’च्या. म्हणजे आपल्याकडे घेतलेल्या साध्या प्लेअरवर दोन्हींचे दरवाजे बंद. मला हे शिकायला पैसे मोजावे लागले. दुकानदाराने ‘सगळं चालतं साहेब, मल्टिझोन आहे’ म्हणून प्लेअर गळ्यात मारला. तो मल्टिझोन होता खरा, पण फक्त डीव्हीडीला. ब्लू-रे घातली की ट्रे आत जायचा, थोडा गुरगुरायचा आणि पडद्यावर रीजन चुकल्याची पाटी. तेव्हा प्लेअर विकत घेताना ‘ब्लू-रे रीजन-फ्री’ एवढे शब्द स्पष्ट विचारा, आणि जमलं तर आपली एक डिस्क सोबत नेऊन दुकानातच लावून बघा.

प्लेअरचं निभावलं की मग पेट्या. क्रायटेरियनची मोठी पेटी 2018मध्ये, बर्गमनच्या जन्मशताब्दीला आली. 39 चित्रपट, 30 ब्लू-रे, 248 पानांचं पुस्तक आणि छापील किंमत जवळजवळ 300 डॉलर. त्यावर कुरिअर, त्यावर कस्टम. मुलगी किंवा भाचा तिकडे असेल तर बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांच्या अर्ध्या किमतीच्या सेलवर नजर ठेवायला सांगा, सहसा जुलै आणि नोव्हेंबरात असतो. मात्र येताना त्यांच्या सामानाचं वजन तुमच्या नावावर चढेल.

या पेटीची मांडणी काळानुसार नाही, चित्रपट महोत्सवासारखी आहे. उद्‌घाटनाला ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’, समारोपाला ‘फॅनी अँड अलेक्झांडर’, मध्ये जोड्या लावलेल्या. ज्याने आधी दहा-बारा बर्गमन पाहिलेत त्याला यात मजा आहे. सुरुवातीचा, कोणी न विचारलेला चित्रपट अचानक एखाद्या गाजलेल्याच्या शेजारी बसतो आणि दोन्ही वेगळे दिसतात. नवख्याचा मात्र गोंधळ उडतो.

बीएफआयने तेच काम चार खंडांत केलं, तेही काळाच्या क्रमाने. चाळिशीच्या दशकातला चाचपडणारा दिग्दर्शक पहिल्या खंडात भेटतो आणि तिथून पुढे तो कसा घडत गेला ते दिसत जातं. शिवाय खंड सुटे मिळतात. एक घ्या, पचवा, मग दुसरा. पगारदार माणसाला हे सोयीचं. क्रमाने पाहायची शिस्त असेल तर मी बीएफआयच सुचवेन. पण एक इशारा: पहिल्या खंडापासून सुरुवात करणारे बरेचजण तिथेच दमतात. दुसऱ्यापासून धरा. ‘समर विथ मोनिका’ आणि ‘द सेव्हन्थ सील’चं ते दशक आहे.

आणि ‘सगळा बर्गमन’ या शब्दांवर जाऊ नका. क्रायटेरियनच्या पेटीत ‘फेस टू फेस’ नाही, 1940च्या दशकातले ‘प्रिझन’सारखे काही चित्रपट नाहीत. उलट ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ची सहा भागांची टीव्ही आवृत्ती आणि चित्रपटगृहातली छोटी आवृत्ती दोन्ही आहेत. ‘फॅनी’चंही तसंच: एक 188 मिनिटांची, एक 312ची. लांब आवृत्तीच पाहा. छोटीत नाताळची रात्र आहे, पण त्या घरात राहिल्यासारखं वाटत नाही. बर्गमनने स्वीडनच्या फोरो बेटावरच्या शेतकऱ्यांवर आणि मेंढपाळांवर केलेले दोन माहितीपटही पेटीत आहेत. माझ्या लेखी पेटीची निम्मी किंमत तिथे वसूल होते.

जुन्या डीव्हीडी स्वस्तात मिळतात, त्यांचं काय? ‘विंटर लाइट’ लावून बघा. हा चित्रपट चित्रित करण्याआधी बर्गमन आणि छायालेखक स्वेन निक्विस्त चर्चमध्ये तासन्‌तास बसून उजेड कसा सरकतो ते बघत राहिले. म्हणून त्यात सावल्या जवळपास नाहीतच, नुसता करडा उजेड. अभिनेत्री इंग्रिड थुलिन थेट आपल्याकडे बघत पत्र म्हणते, कितीतरी मिनिटं, तिच्या चेहऱ्यावर तोच उजेड. सुमार डीव्हीडीवर या करड्याचा चिखल होतो, गाल आणि मागची भिंत एकच दिसतात. ब्लू-रेवर तिच्या डोळ्याखालची त्वचा दिसते. (हाच निक्विस्त शशी कपूर आणि सिमी गरेवाल यांच्या 1972च्या ‘सिद्धार्थ’ चित्रपटाच्या छायालेखनासाठी भारतात आला होता. तोही पाहा, उजेडासाठी.)

म्हणून मित्राला म्हटलं, दोन्ही मोठ्या पेट्या राहू देत. क्रायटेरियनचा तीन चित्रपटांचा संच घे: ‘थ्रू अ ग्लास डार्कली’, ‘विंटर लाइट’, ‘द सायलेन्स’. सोबत ‘विंटर लाइट’ घडताना विल्गोत शोमानने केलेला टीव्ही माहितीपट आहे. तो एकटाच एखाद्या फिल्म अ‍ॅप्रिसिएशन कोर्सच्या तोडीचा.

आणि उरलेल्या पैशांत बू विडरबेर्ग या दुसऱ्या स्वीडिश दिग्दर्शकाची पेटी. स्वीडन म्हणजे बर्गमन असं समजणाऱ्यांसाठी तर मुद्दाम. विडरबेर्गने 1962मध्येच पुस्तक लिहून बर्गमनवर तोफ डागली. त्याचं म्हणणं, हा माणूस वर देवाकडे बघत बसतो आणि रंगवलेले लाकडी घोडे विकावेत तसं स्वीडन जगाला विकतो. शेजारच्या माणसाकडे कोण बघणार? ही पेटी चारच चित्रपटांची. ‘रेव्हन्स एंड’मध्ये 1936चं माल्मो, कामगारांची वस्ती, दारुडा बाप, कादंबरी लिहायला निघालेला पोरगा. गिरणगावच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. ‘ओडालेन 31’ संपावरच्या गोळीबाराचा आहे, पाच माणसं गेली होती. ‘एल्व्हिरा मॅडिगन’ सुंदर आहे, मला जरा जास्तच सुंदर वाटतो.

तरीही मोठी पेटीच हवी, असं मनाने घेतलं असेल तर आधी कपाटाचं माप घ्या. क्रायटेरियनची ती पेटी एलपीच्या अल्बमसारखी रुंद आहे, डीव्हीडीच्या फळीवर उभी राहत नाही. आणि डिस्का पुठ्ठ्याच्या खाचांत घट्ट बसतात. ओढू नका, पान जरा वाकवून कडेने सरकवा.