‘शंभर वर्षांची’ सेब्सी: मराकेशमधील एका विक्रीविषयी

मोरोक्कोला जाणाऱ्या आणि जुन्या हस्तकलेची आवड असणाऱ्या मराठी प्रवाशांना वेळीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे. मराकेशच्या जुन्या शहरातील एका दुकानदाराने ‘रिफच्या डोंगराळ भागातील एका घराण्याची, शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणून जी सेब्सी (मोरोक्कन चिलीम) मला विकली, ती नवी होती आणि तिचे जुनेपण मुद्दाम घडवलेले होते.

सेब्सी ही बारीक चिरलेला गांजा आणि तंबाखू यांचे मिश्रण, म्हणजे किफ, ओढण्याची मोरोक्कन चिलीम होय. आपली चिलीम आखूड आणि सहसा मातीची असते. सेब्सीला मात्र हातभर लांब, बारीक, बहुधा कोरीव लाकडी नळी असते आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी मातीची वाटी बसवतात, तिला शकफ म्हणतात. शकफात चिमूटभरच किफ मावते. ती सहज फुटते आणि बदलली जाते. नळी मात्र वर्षानुवर्षे वापरात राहते. मोरोक्कोच्या फ्रेंच अमलाखालील भागात १९५४ साली किफवर बंदी आली, हे दुकानदाराने अचूक सांगितले आणि त्याच खऱ्या इतिहासाला त्याने आपल्या आजोबांनी ही सेब्सी भिंतीत लपवल्याची गोष्ट जोडली. खोटे पचते ते असेच, खऱ्याच्या आधाराने.

पुढे उत्तर मोरोक्कोतील तेतुआन शहरात एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराने नळीचे दोन भाग सांध्यापाशी सोडवले आणि एक भाग उजेडाकडे धरून मला आत पाहायला लावले. बाहेरून काळपटलेल्या त्या नळीचे आतले लाकूड फिकट आणि कोरडे होते. जुन्या, वापरलेल्या नळीत धुराचा काळा चिकट थर साचलेला असतो. शकफाला बाहेरून काजळी होती, आत मातीचा मूळ रंग तसाच होता. ‘हस्तिदंती’ म्हणून दाखवलेल्या कड्यावर ओले फडके फिरवताच तांबूस रंग उतरला आणि भिंगाखाली हाडाची बारीक काळी छिद्रे दिसली. शिक्क्याच्या ‘प्रमाणपत्रा’त ‘जुनी नळी’ एवढेच शब्द होते. काळ, लाकूड किंवा मूळ गाव यांचा उल्लेख नव्हता. पैसे परत देण्यास दुकानदाराने साफ नकार दिला.

त्याचे म्हणणे खरे असते तर अडचण आणखी वाढली असती. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत आणि वापरलेल्या नळीत उरलेला अंश भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. ही वस्तू तिच्या कोरीव कामासाठी घ्यायची असेल, तर न वापरलेली, नवी म्हणूनच विकली जाणारी घ्यावी. मराकेशमध्ये ठरावीक किमतीचे सरकारी हस्तकला केंद्र आहे, तेथे आधी किमतींचा अंदाज घ्यावा. कोणी जुनी म्हणून पुढे केलीच, तर नळी सोडवून आत पाहू देण्याचा आग्रह धरावा आणि लाकूड, हाड व काळ पावतीवर लिहून मागावा.