सीलबंद खोका की उघडलेली फिगर? सोलापुरात सेकंडहँड घेताना

सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर जातो आणि पीव्हीसी फिगरला, म्हणजे पात्रांच्या संग्रहासाठीच्या प्लास्टिक मूर्तीला, सर्वांत जास्त त्रास उष्णतेचाच. त्यामुळे 'सीलबंद म्हणजे नवीकोरी' हे इथे गृहीत धरू नका.

सीलबंद खोक्यात सुटे भाग बहुधा पूर्ण असतात, धूळ नसते, पुढे विकताना भावही बरा मिळतो. पण पत्र्याखालच्या माळ्यावर दोन-तीन उन्हाळे गेले असतील, तर पीव्हीसी मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर बाहेर येतो, बंद खोक्यात पृष्ठभागावरच साचतो आणि फिगर चिकट होते. गडद रंग फिकट भागावर उतरला, तर तो डाग सहसा निघत नाही. सील न फोडता यातलं फार थोडं दिसतं.

उघडलेली फिगर मात्र हातात घेऊन तपासता येते. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली पिवळे पडलेले पांढरे भाग ओळखू येत नाहीत. आधी घोटे पाहा. एका पायावर उभी फिगर बाजूने कललेली दिसली, तर गरम पाण्याने मऊ करून, सरळ धरून गार पाण्यात बुडवता येते. मात्र घोट्याला तडा असेल तर सोडा. मग खुंट्या, म्हणजे भाग एकमेकांत बसवायचे छोटे दांडे: मुळाशी पांढरी रेष म्हणजे ताण आलेला, चकाकणारा थर म्हणजे फेव्हिक्विक. नुसता चिकटपणा कोमट पाणी व सौम्य साबणाने बराच जातो. थिनर अजिबात नको, रंगच उतरतो.

कपाटात मांडायची असेल, तर आम्ही उघडलेलीच सुचवू. सीलबंद घ्यायचीच, तर ती कुठे ठेवली होती हे आधी विचारा.