मुळं फुटलेली मोगऱ्याची काडी कशात लावायची? काळी पिशवी, मातीची कुंडी की श्रीखंडाचा डबा

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आईचा एकच हट्ट होता, मोगरा बरोबर न्यायचा. झाड जमिनीत होतं, जिन्याच्या कोपऱ्यात पसरलेलं, बुंधा चांगला मनगटाएवढा. मुळासकट काढणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाने जोर धरल्यावर, त्याच्या २४ काड्या कापून ओल्या रेतीत खोचल्या. ऑगस्ट लागेपर्यंत १८ काड्यांना मुळं आली. काडीपासून वाढवलेलं रोप म्हणजे तेच मूळ झाड, नवीन जागी उभं राहिलेलं. फूल तेच, वास तोच. त्यामुळे यातली प्रत्येक काडी आम्हाला मोलाची होती.

नऊ काड्या मी घोडबंदर रोडला नेल्या. चौदावा मजला, पश्चिमेची बाल्कनी, खाडीवरून येणारा वारा. नऊ ताईने नेरूळला नेल्या. पहिला मजला, समोर बदामाचं मोठं झाड, ऊन सकाळचं जेमतेम दोन तास. आई एकच, मोगरा एकच, पण दोन्ही घरांची हवा अगदी वेगळी. कोणत्या भांड्यात लावायचं यावर आमचे फोनवर रोज वाद झाले, आणि शेवटी आम्ही निरनिराळ्या भांड्यांत लावून पाहिलं. तुमच्याही खिडकीत मुळं फुटलेल्या काड्या वाट बघत असतील, मग त्या मोगऱ्याच्या असोत, जास्वंदीच्या, तगरीच्या किंवा अडुळशाच्या, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

आधी एक वाद संपवू. थेट मोठ्या कुंडीत लावलं तर काय बिघडतं? पुन्हा बदलायची कटकट नाही, असं ताईचं म्हणणं होतं. तिने दोन काड्या १२ इंची कुंडीत लावल्या. पंधरा दिवसांत दोन्हींची पानं पिवळी पडली आणि काडी बुडाशी काळी झाली. ओढून पाहिली तर मुळं हातात मऊ लागली. कारण साधं आहे. १२ इंची कुंडीत बारा-पंधरा लिटर माती बसते आणि काडीची मुळं असतात बोटभर. एवढ्या मातीतलं पाणी ती पिऊ शकत नाहीत. पाणी तसंच राहतं, मातीतली हवा संपते, आणि हवा नसलेल्या ओल्या मातीत मूळकूज धरते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की वरूनही पाणी उडत नाही. लहान भांड्यात मुळं लवकर सगळीकडे पोचतात, पाणी ओढतात, माती एक-दोन दिवसांत सुकते, पुन्हा हवा शिरते. ओलं-सुकं, ओलं-सुकं, ही लय मुळांना हवी असते. ती लहान भांड्यातच मिळते.

लहान म्हणजे किती? अर्धा ते पाऊण लिटर. चार इंची कुंडी, ५ × ७ इंची पिशवी, एवढंच.

उंची बघा, रुंदी नंतर

भांडं कशाचं आहे याइतकंच ते किती उंच आहे हेही महत्त्वाचं, आणि हे मला फार उशिरा कळलं. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. मातीचंही असंच. कोणत्याही भांड्याच्या तळाशी ओल्याकच्च मातीचा एक थर राहतोच, भोक असलं तरी. तो किती जाड असेल हे मातीवर ठरतं, भांड्यावर नाही. बसक्या भांड्यात हा थर अर्धं भांडं व्यापतो, उंच भांड्यात तळाचा थोडाच भाग.

याच कारणाने तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याची आपली जुनी पद्धत लहान भांड्यात उलटी पडते. निचरा वाढत नाही, उलट तो ओला थर तेवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एकच खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. किंवा नारळाच्या शेंडीचा लहानसा बोळा.

काळी पिशवी

रोपवाटिकेत रोपं ज्यात मिळतात तीच. घोडबंदर रोडच्या नर्सरीत मागितल्या तर सुट्याही देतात, किंमत नगण्य. अरुंद आणि उंच, बाजूंना आधीच भोकं पाडलेली. आमच्या दोघींच्या मिळून सहा काड्या पिशव्यांत होत्या आणि सहाही जगल्या. पावसात जादा पाणी बाजूने निघून गेलं, आणि पाऊस उघडल्यावर माती लगेच कोरडी ठणठणीत झाली नाही.

दोष आहेतच. पिशवी स्वतः उभी राहत नाही. माझ्याकडे वाऱ्याने दोनदा लवंडली. मग भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये सगळ्या एकमेकींना टेकवून ठेवल्या. दुसरं, काळा रंग पश्चिमेच्या उन्हात तापतो. पावसाळ्यात याची चिंता नाही, पण मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो आणि लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते. तेव्हा त्या पिशवीला दुपारी हात लावून पाहा. मी क्रेटच्या पश्चिमेकडच्या बाजूला जुनं गोणपाट बांधलं, तेवढ्याने भागलं. तिसरं, मुळं गुळगुळीत प्लास्टिकला लागली की गोल फिरायला लागतात. म्हणून पिशवीत दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका.

मातीची लहान कुंडी

इथे ताईचा आणि माझा अनुभव अगदी उलटा आला.

भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं आणि उडून जातं. त्यामुळे आतली माती थंड राहते आणि चारी बाजूंनी हवा मिळते. नेरूळच्या त्या सावलीच्या, दमट बाल्कनीत हे वरदान ठरलं. ताईच्या दोन्ही कुंड्यांतल्या काड्यांनी सगळ्यांत आधी नवी पानं काढली, पिशवीतल्यांच्याही आठवडाभर आधी. तिचा हातही पाण्याला सढळ आहे, रोज घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि मातीच्या कुंडीने तिची ती सवय पोटात घातली.

माझ्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर छान गेले. ऑक्टोबरच्या मध्याला दोन दिवस पुण्याला जाऊन आले तर एका कुंडीतलं रोप वाळून कोळ झालं होतं. शेजारच्या पिशवीतलं हिरवंगार. चार इंची मातीची कुंडी, पश्चिमेचं ऊन आणि चौदाव्या मजल्याचा वारा, एवढं एकत्र आलं की सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. ते रोप गेल्याची चुटपुट मला अजून आहे.

मातीची कुंडी घेणार असाल तर नवीन कुंडी आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी कुंडी पहिल्याच दिवशी मातीतलं पाणी शोषून घेते आणि नाजूक मुळं कोरडी पडतात. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर कठड्यावर किंवा ग्रिलच्या काठावर कुंडी ठेवूच नका. वाऱ्याने पडली तर खाली माणूस असू शकतो.

श्रीखंडाचा, दह्याचा डबा

घरात असतो, फुकट असतो, आणि फेकण्याऐवजी वापरला जातो हे मला मनापासून आवडतं. प्लास्टिकचे ग्लास वापरायचा मोहही सोडा, कारण एकदा वापरून टाकायच्या कप-ग्लासांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जुने डबे मात्र घरोघरी पडलेले असतात.

पण श्रीखंडाचा डबा बसका असतो. वरचा स्पंज आठवा. आम्ही चार काड्या डब्यांत लावल्या, दोन गेल्या. ताईकडची कुजून गेली, माझ्याकडची बहुधा मी भोकं फार बारीक पाडली म्हणून. दह्याचा उंच डबा त्यापेक्षा पुष्कळ बरा. तापवलेल्या सळईने तळाला पाच-सहा आणि तळालगत बाजूला चार भोकं पाडा, करंगळीच्या टोकाएवढी. तळाची भोकं जमिनीला चिकटून बंद होतात, बाजूची उघडी राहतात. हे काम गॅलरीत किंवा खिडकी उघडी ठेवून करा, धूर घशाशी बसतो. डबा पारदर्शक असेल तर त्याला कागद गुंडाळा, कारण उजेड लागला की आत शेवाळ धरतं.

काथ्याची कुंडी

नारळाच्या काथ्याची लहान कुंडी दिसायला सुरेख. तिच्या भिंतीतून बाहेर आलेली मुळाची टोकं हवेत सुकतात आणि मूळ गोल फिरण्याऐवजी आतून नवे फाटे काढतं, हा खरा फायदा. पुढे कुंडीसकटच मोठ्या कुंडीत लावता येतं. पण पावसात तिच्यावर बुरशी आली आणि पाऊस थांबल्यावर ती मातीच्या कुंडीपेक्षाही लवकर सुकली. माझ्या दोनातली एक जगली. मोठ्या कुंडीत लावताना तिची कड मातीखाली पूर्ण गाडावी लागते. कड वर राहिली तर ती वातीसारखी आतली ओल ओढून हवेत सोडते. किंमत पाहता मी पुन्हा घेणार नाही.

माती : नुसती लाल की कोकोपीट घालून?

नर्सरीवाले पोतंभर लाल माती देतात. जमिनीत ती उत्तम. लहान भांड्यात आठ-दहा वेळा पाणी घातलं की तीच माती विटेसारखी घट्ट बसते आणि कडेने भेग पडून पाणी नुसतं बाहेर जातं. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हलकं आणि भुसभुशीत, पण त्यात अन्न जवळजवळ नाही, आणि ते वरून कोरडं दिसतं तेव्हाही आत ओलं असतं. पाण्याला सढळ हात असेल तर यातच घात होतो.

आम्ही दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि मूठभर जाड रेती घेतली. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळून घ्या. त्यात मीठ असू शकतं आणि ते कोवळ्या मुळांना भाजतं. ताजं शेणखत तर अजिबात नको, पूर्ण कुजून काळं, वास नसलेलं असेल तरच. पहिला महिना दुसरं कोणतंही खत घालू नका, फुलांसाठी घाई करू नका.

ताईसारखी सावलीची बाल्कनी असेल तर कोकोपीट निम्मं करून रेती वाढवा. माझ्यासारखं ऊन-वारं असेल तर वरच्या प्रमाणात ठेवा.

पाण्यात मुळं काढली असतील तर

काचेच्या बाटलीत मुळं आली की ती बघत बसायचा मोह होतो. तसं करू नका. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीतून पाणी ओढण्याची त्यांना सवय नसते. बोटाच्या एका पेरापर्यंत वाढली की लगेच मातीत लावा. लांब, गुंतलेली मुळं लावताना हमखास तुटतात. अशा काडीला पहिले दहा दिवस माती सतत ओलसर हवी, म्हणून तिच्यासाठी मातीच्या कुंडीपेक्षा पिशवी किंवा दह्याचा डबा बरा. रेतीत किंवा मातीत मुळं फुटलेली काडी यापेक्षा खमकी असते.

लावताना आधी भांडं अर्धं भरा, काडी मधोमध धरा, मग बाजूने माती सोडा. मातीत बोटाने भोक पाडून काडी आत दाबली की मुळं वर वळतात किंवा मोडतात. माती दाबू नका, भांडं दोन-तीनदा जमिनीवर हलकं आपटा, तेवढी पुरे. मग तळातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी. पुढचे आठ-दहा दिवस उन्हाबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला. पहिल्या दोन दिवसांत पानांनी मान टाकली तर घाबरून पुन्हा पाणी घालू नका. भांडं उचलून पाहा. जड लागलं तर पाणी आहे, झाडाला फक्त वेळ हवा आहे. आणि पावसाळ्यात भांड्याखालची ताटली काढूनच टाका. मुळांसाठी तर आहेच, पण त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

मग मी काय घेईन?

उंच मजला, पश्चिम किंवा दक्षिण, दिवसभर घराबाहेर असाल तर काळी पिशवी, क्रेटमध्ये. खालचा मजला, सावली, आणि रोज पाणी घालायची हौस असेल तर मातीची चार इंची कुंडी. दोन-चारच काड्या असतील आणि खर्च नको असेल तर दह्याचा उंच डबा, भोकं मोठी पाडून. मधलं काही असेल आणि ठरत नसेल तर पिशवीच घ्या.

भोकातून पांढरी मुळं डोकावली, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, की आठ इंची कुंडीत हलवा. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत हे झालं तर उत्तम. मी उशीर केला आणि एक रोप गमावलं.

अठरातली बारा उभी आहेत. त्यातली दोन पिशव्यांतली आईसाठी राखून ठेवली आहेत. ती सध्या भाड्याने कळव्याला राहते, तळमजल्यावर, आणि खिडकीखाली हातभर मोकळी माती आहे. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू न देता तळहातावर घ्यायचा आणि संध्याकाळी खड्ड्यात ठेवायचा. हे ती स्वतःच्या हाताने करणार आहे.