भाड्याचं घर: रिकामं द्यावं, की फर्निचरसकट?

फर्निचर असलेल्या घराला भाडं जास्त मिळतं, हे खरं. पण निर्णय त्या एका आकड्यावर घेऊ नका. वर्षात घर किती दिवस बंद राहील, हे आधी बघा.

हिशोब असा. रिकाम्या घराचं महिन्याचं भाडं १०० धरू आणि फर्निचरसकट त्याच घराचं १२०. सामानाला ८०० लागले आणि ते सरासरी ५ वर्षं टिकलं, तर वर्षाला १६० झीज झाली. दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचे आणखी ४० धरा. रिकाम्या घरातलं कुटुंब ३ वर्षं राहून गेलं आणि मग १ महिना घर बंद राहिलं, तर वर्षाला सरासरी ११६८ हाती येतात. फर्निचरच्या घरातला भाडेकरू ११ महिन्यांनी गेला आणि नवा मिळायला १ महिना लागला, तर १३२० येतात. त्यातून २०० वजा जाता उरले ११२०. म्हणजे भाडं २० टक्के जास्त असूनही मागेच. घर बंद राहण्याचा खंड १५ दिवसांवर आणला तर ११७७, जेमतेम बरोबरी. भाडेकरू बदलताना होणारी दलाली, साफसफाई, रंगरंगोटी यात धरलेलीच नाही. भाडं १३० मिळत असेल, तर मात्र महिनाभराचा खंड सोसूनही १२३० उरतात.

त्यामुळे फर्निचर शोभतं ते लहान घराला, जिथे जवळपास ऑफिसं, कॉलेज किंवा मोठं रुग्णालय आहे. तिथला भाडेकरू दोन बॅगा घेऊन येतो आणि एक गेला की दुसरा लवकर मिळतो. मोठ्या घराचं उलट आहे. कुटुंबाकडे स्वतःचा पलंग, फ्रिज, कपाटं असतात. तुमचा सोफा त्यांना अडचण वाटतो, आणि तो हलवायचा म्हटलं तर ठेवणार कुठे?

सामान द्यायचंच असेल, तर ते वापर सोसणारं घ्या. सिंकखालची कपाटं पार्टिकल बोर्डची असतील, तर एका गळतीत फुगतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. तिथे पाणी सोसणारा प्लायवूडच हवा. सोफ्याची कव्हरं काढून धुता येणारी असावीत. गादी शक्यतो देऊ नका, दिलीत तर धुता येणाऱ्या कव्हरसकट द्या. पाणी क्षारयुक्त असेल, तर साठवणीच्या गीझरमधला अॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी, वेळच्या वेळी तपासून बदला. तो संपला की टाकीच गंजू लागते. आणि फ्रिज तुम्ही दिलात, तर तो बंद पडल्याचा फोनही तुम्हालाच येणार. दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे करारात लिहून ठेवा. इमारतीच्या विम्यात आतलं सामान सहसा धरलेलं नसतं, तेही विचारून घ्या.

खरी भांडणं घर सोडताना होतात. म्हणून किल्ली देण्याआधी प्रत्येक वस्तूचा ब्रँड, सिरियल नंबर, आधीचे ओरखडे आणि मीटरचं रीडिंग यादीत लिहा, तारखेसह फोटो काढा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिटमधून नव्या वस्तूची पूर्ण किंमत कापू नका. ६ वर्षं टिकणारा सोफा ४ वर्षं वापरून झाल्यावर फाटला, तर उरलं होतं एक तृतीयांश मोल, तेवढंच मागणं न्याय्य आहे. नेहमीच्या वापराने फिकट झालेलं कापड हे नुकसानच नव्हे.

आमचा कौल बहुतेक घरांसाठी मधल्या वाटेला आहे: किचनची कपाटं, भिंतीतली वॉर्डरोब, पंखे, दिवे, गीझर, पडद्यांचे रॉड, एवढंच. या वस्तू जागच्या हलत नाहीत, हरवत नाहीत, कमी झिजतात, आणि कुटुंबालाही अडत नाहीत.

तरीही ठरत नसेल, तर काही विकत घेण्याआधी जाहिरातीत दोन भाडी द्या: रिकाम्या घराचं एक, आणि ठरल्यापासून १० दिवसांत फर्निचर बसवून देण्याचं दुसरं. दोन आठवड्यांत कोणत्या दराला किती जण प्रत्यक्ष घर बघायला येतात ते मोजा. नुसते फोन मोजू नका.