ओट्याला कोणता दगड टाकावा: कडप्पा, ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

घर बांधताना ओट्याची पाळी येईपर्यंत हात आखडलेला असतो. मग मिस्त्री म्हणतो, "कडप्पा टाका, चालते." त्याचं अगदीच चुकत नाही. पण आपल्या ओट्यावर हळद-तिखट सांडतं, तेलाचा टिपूस पडतो, चिंच कोळली जाते, लिंबू कापलं जातं आणि चुलीइतकी तापलेली कढई उतरवून ठेवली जाते. दगड निवडायचा तो हे सगळं धरून.

दगड दोन प्रकारे खराब होतो. एक, तेल-हळद त्याच्या बारीक छिद्रांत मुरते. दुसरं, आंबट पदार्थ दगडातला चुना खातो. मुरलेला डाग प्रयत्नाने निघू शकतो. चुना खाल्लेला भाग पुन्हा पॉलिश केल्याशिवाय नीट होत नाही.

कडप्पा, कोटा, शहाबादी, तिन्ही चुनखडीच्याच जातीचे. संगमरवरही तसाच, त्यामुळे तो देवघरात शोभेल, ओट्यावर नको. कडप्पा काळा असल्याने हळद-तेलाचा डाग दिसत नाही, एवढीच त्याची सोय. चिरलेलं लिंबू रात्रभर पडलं की तिथे पांढुरका, निस्तेज ठसा उमटतो. काही लाद्यांचे पापुद्रेही सुटतात. वरून तेलाचा हात फिरवला तर तेज येतं, पण तेवढ्यापुरतं. स्वस्त आहे, सहज मिळतो, हे मात्र खरं.

ग्रॅनाइटमध्ये चुन्याचा भाग जवळजवळ नसतो. चिंच-लिंबाचं त्याला काही होत नाही, गरम भांडंही सोसतो. त्यातही काळा, गच्च दाण्याचा दगड फिकट रंगाच्या दगडापेक्षा कमी तेल पितो. फिकट हवाच असेल तर सीलर (छिद्रं बुजवणारा द्रव) लावून घ्या आणि तो अधूनमधून पुन्हा लावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना शेजारच्या तेलंगणातला करीमनगरचा तपकिरी ग्रॅनाइटही पाहता येईल. एक सावधगिरी: स्वस्त काळ्या ग्रॅनाइटला कधी कधी रंग चोपडलेला असतो. थिनरचा बोळा घासून पाहा, काळा झाला तर तो दगड घेऊ नका.

क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) मिळून कारखान्यात तयार झालेली लादी. डाग न धरण्यात ती सगळ्यांत पुढे, छिद्रं नसल्यासारखीच. पण रेझिन साधारण दीडशे अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि तळणीची कढई त्याहून तापलेली असते. खिडकीतून ऊन येत असेल तर रंगही पिवळा पडू शकतो. आपल्याकडच्या वापराला ही महाग लादी मला तरी पटत नाही. टाइल्सचा ओटा दिसायला छान असतो, पण सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटला हळद लागली की ती जाता जात नाही.

बोअरचं जड पाणी हा मात्र काळ्या ग्रॅनाइटचा खरा त्रास. नळाशेजारी पांढरी खर चढते आणि काळ्यावर ती फार दिसते. ती व्हिनेगरने निघते. कडप्प्यावर तेच व्हिनेगर नुकसान करेल. संडासचं ॲसिड कोणत्याच ओट्यावर ओतू नका.

पैसे कमी असतील तर रंग, डिझाइन सोडा, पण जाडीत कसर नको. अठरा मिलिमीटरच्या आसपास जाडी घ्या. सिंकसाठी कापलेल्या भागाशी दगड सर्वांत कमजोर असतो, म्हणून खाली कडप्प्याचा आधार द्या आणि वर ग्रॅनाइट टाका. कडप्पा तिथे कामाला येतोच. लाद्या शक्य तितक्या अखंड घ्या, सांधा नळ-शेगडीपासून दूर ठेवा.

दुकानातून दगडाचा तुकडा मागून घ्या. त्याच्या एका कोपऱ्यात हळद-तेल, दुसऱ्यात लिंबाचा रस ठेवा, रात्र जाऊ द्या आणि सकाळी धुऊन पाहा. दुकानदार तुकडा द्यायला कुरकुरला, तर दुसरं दुकान गाठा.