ऑफिसच्या आवारातून सात भंगार गाड्या उचलायला दिल्या, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी कंपनीत ॲडमिन बघतो, म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते माझ्या टेबलावर येतं. दोन गाड्या बेसमेंटमधे आणि पाच मागच्या शेडच्या कडेला वर्षानुवर्षं उभ्या, टायर बसलेले, एकीच्या बॉनेटखाली तर मांजरीने संसार थाटलेला. वरून फर्मान आलं, जागा मोकळी करा. एकाच पिकअप सर्व्हिसकडून टप्प्याटप्प्याने सगळ्या उचलल्या, आणि परवा शेवटच्या गाडीचा कागद हातात आला म्हणून आता लिहितोय. आधी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच घातल्या असत्या.

बुकिंग एकदम सोपं, फोटो पाठवा, पत्ता द्या, झालं. पण फोनवरची बाई विचारते काय तर गाडी चालू आहे का. अहो, चालू असती तर भंगारात कशाला दिली असती! खरं विचारायला पाहिजे की ढकलली तर सरकते का, किल्ली आहे का, आणि आमचा ट्रक तिथपर्यंत पोचतो का. हे तिने विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पहिल्या दिवशी भलामोठा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा ट्रक, आला आणि बेसमेंटच्या तोंडाशी २.१ मीटर लिहिलेल्या पाटीसमोर उभा राहिला. त्या पाटीखालून मी रोज जातो. ट्रक रिकामा परत गेला, सिक्युरिटीवाले हसले, पुढच्या खेपेला बुटकी टो म्हणजे ओढून नेणारी गाडी आणून दोन्ही गाड्या आधी वर ओढून काढल्या मग चढवल्या.

ड्रायव्हर मात्र हुशार माणूस, त्याला पैकीच्या पैकी. एक ऑटोमॅटिक गाडी होती, बॅटरी मेलेली आणि गिअर पार्कमधे अडकलेला. आमच्या स्टोअरवाल्याने लगेच फोर्कलिफ्ट आणली, म्हणे उचलून ठेवतो. ड्रायव्हर आडवा आला, काटे खालून घुसले की पेट्रोलची टाकी फुटते म्हणाला. मग त्याने गिअरच्या बाजूचं एक छोटंसं झाकण नखाने उचकटलं, आत स्क्रूड्रायव्हर दाबला आणि गिअर न्यूट्रलला! तीच गाडी मी तीन वर्षं वापरलीये आणि ते झाकण काय आहे हे कधी बघितलं नव्हतं. अजून एका गाडीचा बटणवाला हँडब्रेक सुटेना, तिला बाहेरून बॅटरी जोडावी लागली. म्हणून सांगतो, किल्ल्या आधी शोधून ठेवा, आम्हाला एक किल्ली सोडून गेलेल्या माणसाच्या ड्रॉवरमधे सापडली.

चढवताना एकीचा रेडिएटर गळला आणि हिरवं पाणी सगळ्या लोडिंग बेमधे. मी पाईप घेऊन धुवायला निघालो तर ड्रायव्हर ओरडला, गटारात नको. ते कूलंट चवीला गोडसर असतं, जनावरं चाटतात आणि थोडक्यानेही मरतात. मला पहिल्यांदा ती मांजर आठवली. वाळू टाकून टिपून घेतलं, तेव्हापासून पोतंभर वाळू तिथेच ठेवलीये.

आता पैशाची भानगड. भाव फोटोवर ठरतो आणि गाडीपाशी आल्यावर कमी होतो. पहिल्यांदा म्हणाले कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधला धूर साफ करणारा डबा, नाहीये. चिडलो, पण वाकून बघितलं तर खरंच नव्हता, पाईप कापलेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून चोर तेवढंच कापून नेतात, आणि गाडी कधी सुरूच केली नाही तर आवाजावरून कळणार तरी कसं. बॅटऱ्या आमच्याच मेंटेनन्सवाल्यांनी काढलेल्या, त्यात शिसं, त्याचेही कापले. ठीक आहे. पण चौथ्या गाडीला न बघताच तीच टेप लावली, तेव्हा म्हटलं झोपा आणि बघा. झोपले. होता. गपचूप ठरलेले पैसे दिले. तेव्हापासून मी खालचा फोटो आधीच काढून पाठवायचो.

सगळ्यात जास्त जीव कागदांनी खाल्ला. गाडी कंपनीच्या नावावर, म्हणजे लेटरहेड, सही-शिक्का, सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र, आणि साहेब नेमके टूरवर. एक फॉर्म तर परत आला, चासी नंबर जुळेना. आमच्या रजिस्टरमधे कुणीतरी शून्याच्या जागी ओ लिहिलेला. त्या १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, गोंधळ नको म्हणून, हे तेव्हा कळलं. आता मी रजिस्टरवर विश्वास ठेवत नाही, काचेखालच्या पट्टीचा फोटो काढतो.

गाडी मोडीत निघाल्याचं सर्टिफिकेट आठवड्यात देतो म्हणाले, दोन गाड्यांचं यायला अडीच महिने लागले. दर सोमवारी फोन, दर सोमवारी "सर आजच मेल करतो". तोवर गाडी कागदोपत्री आपलीच, इन्शुरन्सही मी बंद केला नाही, अकाउंट्सने तोंड वाकडं केलं तरी. पुढच्या वेळी मी उचलण्याआधीच तारीख लेखी घेणार. सर्व्हिस परत वापरीन, पण तोच ड्रायव्हर मागून घेईन.

मांजरीची पिल्लं मोठी होईस्तोवर ती गाडी तीन आठवडे थांबवली होती, तीच शेवटची गेली. शेड आता मोकळी आहे. म्हणजे होती. कोपऱ्यात एक स्कूटर दोन महिन्यांपासून हललेली नाही, किल्ली कुणाकडे आहे ते विचारत फिरतोय.